एसटीतली गांडुळं

दौंडच्या एसटी स्टँडवर एकदा माझं कंडक्टरशी कडाक्याचं भांडण झालं होतं... गांडुळांच्या तिकिटावरून! आज कुंडीतली माती उकरताना ते आठवलं आणि एकटीच हसत बसले.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी आमच्या भागातल्या एका छोट्या पर्यावरण संस्थेत होते आणि गांडूळ खताचा प्रचार माझ्याकडे होता. गावोगाव सभा घ्यायचे... लोक चहा प्यायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन युरिया टाकायचे.

शेवटी न्हावऱ्याचे एक आप्पा कसेबसे तयार झाले. अट एकच. "जित्ती आणली तर गोठ्यामागं जागा देतो. मेलेली आणली तर पुन्यांदा दारात यायचं न्हाई."

दुसरा कुणी शेतकरी हाताशी नव्हता. म्हणजे माझी सगळी अब्रू गांडुळांच्या त्या एका ओल्या गोणीत होती.

दौंड-शिरूर गाडी, एप्रिलचं ऊन. कंडक्टरमामांनी गोणीला बोटाने ढोसलं. आत गांडुळं आहेत, मी सांगितलं. "ताई, जित्ती हायती न्हवं? मग जित्राबाचं तिकीट लागंल."

"अहो मामा, ही काय शेळी आहे का?"

"कोंबडीला लागतं, मग ह्यांलाच का न्हाई?" अख्खी गाडी त्यांच्या बाजूने... मी मुकाट्याने तिकीट घेतलं.

गर्दीत गोणी ठेवायला जागा मिळाली ती ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या बॉनेटवर. माझा शहाणपणा! पाटस मागे पडेपर्यंत बॉनेट असं तापलं की गोणीच्या विणीतून एकेक गांडूळ बाहेर पडायला लागलं.

"अगं बया, सापाची पिल्लं!" पुढच्या सीटवरच्या आजी किंचाळल्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

मला रडूच फुटलं. लाज सोडून सगळ्यांना सांगून टाकलं... ही मेली तर आप्पा मला दारात उभं करणार नाहीत.

मग जे झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. कंडक्टरमामा बाह्या सरसावून सीटखाली वाकले आणि एकेक गांडूळ वेचायला लागले. विड्याची पानं घेऊन शिरूरच्या बाजाराला निघालेल्या एका मावशींनी टोपलीवरचं ओलं फडकं काढून दिलं. "घे बाई. माझी पानं काय पळून जात न्हाईत."

ड्रायव्हरने चौफुल्याला हापशापाशी गाडी थांबवून गोणी भिजवून दिली. पुढे रस्ताभर प्रश्न... चावत्यात का? खात्यात काय? सभेत ज्याला कुणी बोट लावत नव्हतं, ते गांडूळ आता ज्याच्या त्याच्या तळहातावर होतं.

न्हावऱ्याला आप्पा स्टँडवरच उभे होते. गोणीमागोमाग निम्मी गाडी खाली उतरली. आप्पांनी हात आत घातला.

"वळवळत्यात की!"

गाडीत एकच गलका झाला. तेवढ्यात कंडक्टरमामांनी जेवणाचा रिकामा डबा पुढे केला. "आप्पा, मूठभर आमच्या रानालाबी द्या की."

आप्पांनी गोणी छातीशी धरली. "आज न्हाई. पिल्लं झाली की या."

महिनोन् महिने समजावूनही ज्याला पटलं नव्हतं, तो माणूस माझ्यासमोर गांडुळांचा मालक झाला होता. त्या गाडीतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही... पण त्या दिवशी सगळे माझे सख्खे होते.