पहिली फाटकी रोटी

माझ्या ताईचं मडकं काही केल्या पालथं होईना. म्हणजे तिच्या चुलीवर ते रोज पालथंच असतं, लंबी रोटी भाजायची दुसरी रीतच नाही. सैल मळलेली कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लांबवत न्यायची आणि तापलेल्या मडक्याच्या पाठीवर अलगद सोडायची. पण चित्रं काढणाऱ्या एआयला हे कोण सांगणार? मी लिहून लिहून थकलो, तरी ते आपलं मडकं सरळ ठेवायचं आणि ताईला त्यात खीर ढवळायला लावायचं. एकदा तर तिला तीन हात दिले. मी वैतागून फोन तिच्यापुढे धरला तर म्हणाली, "राहू दे गा, तिसरा कामाचा हाय. गिऱ्हाइकाले रस्सा वाढते."

शहराच्या कडेला, हुडकेश्वरला तिचं रोटी-रश्श्याचं दुकान आहे. भाऊजी होते तोवर ते चूल सांभाळायचे, ती रोट्या टाकायची. ते गेल्यावर ती एकटीच चालवते. तिकडे नवीन वस्ती झाली, तशी झगमगीत हॉटेलंही निघाली आणि ताईची गिऱ्हाइकं पांगू लागली. मी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करणारा माणूस. हल्ली जो तो घरबसल्या फोनवरच पत्रिका बनवतो, त्यामुळे मला वेळच वेळ होता. म्हटलं, ताईचं कॉमिक काढू, दर दोन-चार दिवसांनी चार चौकटी फोनवर टाकू. आजकाल माल नंतर विकला जातो, आधी गोष्ट विकावी लागते.

शेवटी ताईच्याच चुलीचा फोटो दिला तेव्हा कुठे मडकं पालथं झालं. चेहऱ्याचं मात्र जमेना. पहिल्या चौकटीत पन्नाशीची बाई, तिसऱ्या चौकटीत कॉलेजातली पोरगी. म्हणून मी खूण ठरवून टाकली: निळं लुगडं, खोचलेला पदर आणि नाकाच्या शेंड्यावर पिठाचा ठिपका. तो ठिपका पुढे दुकानाच्या पाटीवरही गेला.

फुग्यांतलं बोलणं सगळं तिचं. त्यात मी काना-मात्राही बदलत नव्हतो. ताईची जीभ लहानपणापासून तिखट, आमच्या घरात तिच्या तोंडी लागायची कोणाची हिंमत नसे. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, "थांबा ना भाऊ, मडकं तापू द्या. तुम्ही तापून काय फायदा, तुमच्यावर थोडीच रोटी शेकते?" हे टाकलं आणि लोक ते वाक्य ऐकायला मुद्दाम घाई करू लागले. ताई खूश होती. मी दिसलो की विचारायची, "आज काय बोलली गा मी?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसायची. ते दिवस फार छान होते.

मग एका दुपारी दुकान नुकतंच उघडलं होतं आणि आत आम्ही दोघंच होतो. तिनं दिवसाची पहिली रोटी टाकली. मडकं अजून सगळीकडून तापलेलं नसतं, त्यामुळे पहिली रोटी हमखास फाटते. तशी ती फाटली. ताईनं ती सोडवून बाजूच्या झाकणावर ठेवली आणि मडक्याकडे पाहतच म्हणाली, "पहिली फाटली का तुहे भाऊजी म्हणत, हे माही. अन् उभ्या उभ्या खाऊन टाकत. आता मी झाकणावर ठेवून देते. कोणाले देऊ?"

भाऊजींबद्दल ती कधी बोलत नसे. घरी आलो आणि पहिलं काम काय केलं, तर त्याच्या चार चौकटी केल्या. त्या दिवशी यंत्रानं कुठेच चूक केली नाही. मडकं, हात, रोटीची फाटकी कड, शेवटच्या चौकटीत चुलीपाशी भाऊजींची रिकामी जागा, सगळं पहिल्या फटक्यात. ताईला दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं, "चांगलं हाय" म्हणाली आणि कणीक मळायला लागली. मी तो होकार समजलो आणि चौकटी टाकून दिल्या.

त्या चित्रांनी दुकान चाललं, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ दुकान उघडायच्या आधीच येऊन बसले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, पहिली फाटकी मला द्या. तुम्ही एकट्या नाही." त्यांचे डोळे खरोखर भरले होते. ताईनं दिली. मग रोजच कोणी ना कोणी येऊ लागलं. फाटक्या रोटीसोबत फोटो निघू लागले, आज कोणाचा नंबर यावर प्रेमळ भांडणंही झाली. माणसं भली होती, म्हणून तर रागवायलाही कोणी सापडत नाही. झाकण मात्र तेव्हापासून रिकामंच राहिलं.

आणि ताई गप्प झाली. भांडली नाही, रुसली नाही. गिऱ्हाइकांशी हसून बोलायची, मी शेजारी बसलो की नुसती कणीक लांबवत राहायची. फुग्यात लिहायला काही मिळेना, तेव्हा मी बोलणंही यंत्राकडूनच लिहून घेतलं. चौकटीतली ती ताई विमा एजंटासारखी गोड बोलायची. कोणाच्याही ते लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी न राहवून मी ती गोष्ट फोनवरून काढून टाकली आणि दुपारी दुकानात गेलो. ताईला तसं सांगितलं. तिनं मान हलवली. पहिली रोटी फाटली आणि वाट पाहत बसलेल्या एका बाईंनी ताट पुढे केलं. कॉमिक काढलं म्हणून ती रीत थोडीच थांबणार होती.

बाई जाऊन बसल्यावर मी हळूच म्हटलं, "काहून वं ताई, माह्याशी बोलत नाही आजकाल?"

"बोलून तं राहिली."

"पहिलेसारखं नाही."

तिनं हातावरची रोटी मडक्यावर सोडली, कडा नीट केल्या. मग म्हणाली, "ते गोष्ट मी सगळ्याईले नव्हती सांगतली गा. तुले सांगतली होती."

दुसरी रोटी अख्खी उतरली. ती तिनं घडी घालून माझ्या ताटात वाढली आणि वाडगं हातात घेऊन गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "रस्सा कसा देऊ, तिखट का कमी?"

मला तिखट चालत नाही, हे मी शाळेत जायच्या आधीपासून तिला ठाऊक आहे.