गौरींसाठी गोळ्या

आमच्या विश्रांतवाडीच्या घरात गौरी यायच्या आधी फराळाच्या सामानाबरोबर मेडिकलमधून गोळ्याही यायच्या. ऐन सणात पाळी येऊ नये म्हणून आई, काकू आणि माहेरपणाला येणारी आत्या, तिघीही त्या घ्यायच्या. डॉक्टरची चिठ्ठी वगैरे भानगड नाही. मेडिकलवाला इकडेतिकडे बघत, वर्तमानपत्रात गुंडाळून, गांजा विकावा तशा द्यायचा.

मी नववीत गेले आणि या मंडळात माझी भरती झाली. माझी पाळी आमच्या भागातल्या बससारखी होती. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की हलायचं नाव नाही. जिची तारीखच कुणाला माहीत नाही ती पुढे ढकलायची कशी, हा प्रश्न तीन शहाण्या बायकांपैकी एकीलाही पडला नाही. आईने ‘सेफ साइड’ म्हणून मला पंधरा दिवस आधीच गोळ्या सुरू केल्या.

गौरी सुखरूप गेल्या. तिसऱ्या दिवशी मला जे सुरू झालं ते बारा दिवस थांबेना. “होतं गं असं गोळ्यांनंतर,” आत्याने फोनवरून निकाल दिला. शेवटी शाळेत प्रार्थनेला मी आडवी झाले, तेव्हा आई मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. हिमोग्लोबिन सात निघालं.

“गोळ्या कुणी दिल्या?”

“मेडिकलवाल्याने.”

“मग त्याच्याकडेच न्यायचं ना. इथे कशाला आणलीत?”

आई रडली. मला तिची दया आली नाही. बाईंनी बजावलं, “या वयात तारखा पुढेमागे होतात, पण रक्तस्राव आठ दिवसांच्या वर गेला की थेट इकडे यायचं. आणि त्या गोळ्या बंद.” मी आईशी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

पुढच्या वर्षी नेमकी पूजनाच्या सकाळी मला पाळी आली. आईला सांगितलं. तिने पुरणयंत्र माझ्यापुढे सरकवलं. म्हणजे आता हे लपवायचं, असं मी समजले.

दुपारी आत्या पानावर बसली. दुसरा घास घेता घेता तिने विचारलं, “वहिनी, हिला दिल्या होत्या ना गोळ्या?”

“नाही. आलीये तिला आज सकाळीच,” आई तिच्या पोळीवर तूप वाढत म्हणाली. “पुरण तिनेच वाटलंय. गौरींना चाललं. वन्सं, तुम्हाला उठायचं असेल तर आत्ताच सांगा, पोळी वाया नको जायला.”

आत्या उठली नाही. मी मात्र आईला मागच्या वर्षीचं सगळं तिथल्या तिथे माफ करून टाकलं.