डेव्होनाच्या जागी रोझान

रोझान हुडाक यंग्सटाउनमध्ये शाळेची बस चालवायची. वय त्रेचाळीस, अंगानं रुंद, बोलणं मोजकं. मार्च लागला की कोपऱ्याकोपऱ्यात बर्फाचे काळपट ढीग पडलेले असतानाच ती बस आगारात लावून थेट मैदान गाठायची. बायकांच्या फुटबॉल संघात तिला अकरा वर्षं झाली होती. फुटबॉल म्हणजे आमच्याकडचा, अमेरिकन, चेंडू हातात घेऊन अंगावर धडकत खेळायचा.

अकरा वर्षांत तिच्या वाट्याला एकच काम आलं. किक मारणारीसाठी चेंडू जमिनीवर उभा धरायचा आणि ती पाय उगारून आली तरी बोट हलवायचं नाही. कागदावर ती तिसऱ्या क्रमांकाची क्वार्टरबॅकही होती, म्हणजे दरवेळी चेंडू घेऊन तो कुणाला द्यायचा की लांब फेकायचा ते सांभाळणारी. दुसरी नोकरीसाठी कोलंबसला गेली, तेव्हा रोझान दुसरी झाली. कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही, कारण पहिली डेव्होना मॅबरी होती.

डेव्होना सव्वीस वर्षांची. तिनं फेकलेला चेंडू पन्नास यार्डांवर धावणाऱ्या मुलीच्या तळहातात असा जाऊन बसायचा, जणू तिथंच ठेवलेला होता. लांब किकही तीच मारायची. तिच्या जिवावर संघ आठ सामने हरलाच नाही. नवव्या सामन्यात, उपांत्य फेरीत, दोघीजणी तिच्यावर एकदम कोसळल्या. ती उठली तेव्हा डावा हात उजव्या हातानं धरून उठली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

शेवटची सहा मिनिटं रोझान खेळली. सतरा गुणांची आघाडी होती म्हणून निभावलं. पण तेवढ्या वेळात दोनदा चेंडू तिच्या हातून सुटला. सेंटर ग्लेंडा दोन पायांमधून चेंडू मागं देते, तो नुसता धरायचा, तेवढंही जमलं नाही. दोन्ही वेळा ग्लेंडानंच त्यावर झेप घेतली. सामना जिंकून संघ अंतिम फेरीत गेला, पण डेव्होनाशिवाय.

शुक्रवारी ती वडिलांना घेऊन स्लोव्हाक लोकांच्या क्लबात मासे खायला गेली. आंद्रे हुडाक चौऱ्याहत्तरचे. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यानंतर नोकऱ्या बदलल्या, पण क्लीव्हलँडचा संघ मात्र बदलला नाही. दर रविवारी तो हरताना बघणं हा त्यांच्या घरचा नेम होता. टेबलावर तोच वाद चालला होता, चांगल्या क्वार्टरबॅकशिवाय अजिंक्यपद मिळतं का. पलीकडच्या टेबलावरचा एकजण म्हणत होता की बचाव भक्कम असला तर मिळतं, पूर्वी मिळालेलं आहे.

"वऱ्हाड कितीही मोठं असू दे," आंद्रे म्हणाले, "नवरदेवच नसेल तर लग्न कुणाशी लावणार? आमच्या क्लीव्हलँडनं किती जण उभे करून बघितले. मिळालं का काही?"

मग त्यांना आठवलं की समोर कोण बसलंय. त्यांनी माशावर लिंबू पिळलं आणि बराच वेळ पिळत राहिले.

"तसं नाही गं म्हणायचं मला."

"तसंच म्हणायचंय बाबा तुम्हाला," रोझान म्हणाली. "आणि खरंच आहे ते."

अंतिम सामन्याला पंधरा दिवस होते. प्रशिक्षक टॉलिव्हर हा साठी उलटलेला माणूस, शाळांचे संघ शिकवून निवृत्त झालेला. आवाज चढवणं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं सगळ्यांना गवतावर गोल बसवलं आणि काय वाटतं ते तोंडावर बोला म्हणाला. एकीनं पिट्सबर्गहून कुणी क्वार्टरबॅक आणता येईल का विचारलं. नियमात बसत नव्हतं. शेवटी नेरेइदा बोलली. नेरेइदा क्रूझ ही चेंडू घेऊन धावणारी, बुटकी, घट्ट बांध्याची, स्वभावानं फटकळ.

"रोझान, तुझ्या हातात दम नाही. रागावू नकोस. तू फेकलंस तर आपण हरणार. तेव्हा फेकू नकोस, मला दे. चेंडू माझ्या पोटात खुपस आणि बाजूला हो."

सगळ्या रोझानकडे बघायला लागल्या. तिचे कान तापले होते. पण पोरगी खोटं बोलत नव्हती.

"देते," ती म्हणाली. "तू पाडू नकोस म्हणजे झालं."

टॉलिव्हरनं बेत तिथंच ठरवला. नेरेइदा धावेल, पुढच्या पाचजणी तिला वाट करून देतील, बाकीचं बचाव बघेल. अख्ख्या सामन्यात आठपेक्षा जास्त पास नाहीत. रोझानला त्यानं एकटीला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की तुला सामना जिंकायचा नाहीये, फक्त घालवायचा नाहीये. तिला वाटलं, यापेक्षा जिंकायला सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.

ग्लेंडा पोस्टात कामाला होती. रोज दुपारी ती सुटली की दोघी चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत जायच्या. ग्लेंडा वाकायची, चेंडू मागं द्यायची, रोझान धरायची. दिवसाला अडीचशे वेळा. नंतर नंतर चेंडूवर बादलीनं पाणी ओतून, मग साबण लावून. पहिल्या आठवड्यात रोझानच्या दोन बोटांची नखं काळीनिळी झाली. घरी त्या बोटांनी कॉफीचा कप धड धरवायचा नाही. ते कुणी बघू नये म्हणून ती उभ्यानंच, खिडकीकडे तोंड करून कॉफी प्यायला लागली.

या पंधरा दिवसांत डेव्होना एकदाही मैदानावर फिरकली नाही. रोझाननं दोनदा फोन केला. वाजून वाजून बंद झाला.

सामना तीन तासांवरच्या एका कॉलेजच्या मैदानावर होता. जुलैतला शनिवार, दुपारचे दोन. उन्हानं लोखंडी बाकांवर हात टेकवत नव्हता. समोर टेनेसीचा संघ. त्यांची क्वार्टरबॅक उंच आणि थंड डोक्याची होती, अंगावर कुणी धावून आलं तरी तिची नजर लांबवरच असायची. सरावातच तिचे पास बघून रोझाननं मान फिरवली. आपल्या बाकाच्या टोकाला तिला डेव्होना दिसली. हात गळ्यात बांधलेला, अंगावर संघाचा शर्ट. रोझाननं मान हलवली. डेव्होनानंही हलवली, पण जवळ आली नाही.

पहिल्या दहा मिनिटांतच समोरच्यांना कळून चुकलं की ही बाई फेकत नाही. मग त्यांच्या नऊ-नऊ जणी नेरेइदासाठी पुढं येऊन दाटीनं उभ्या राहायला लागल्या. "बसवाल्या मावशी, फेका की एकदा," त्यांच्यातली एक दरवेळी वाकून म्हणायची. कुणी सांगितलं होतं तिला, देव जाणे. रोझाननं एकदा फेकला. चेंडू लटपटत गेला आणि त्यांच्याच मुलीच्या हातात पडला. तिथून त्यांनी चेंडू आपल्या रेघेपलीकडे नेऊन टचडाउन केला, सहा गुण. वरचा एक गुण मिळवायची किक त्यांची हुकली. पुढं तीन गुणांची किक मात्र बसली. मध्यंतराला नऊ विरुद्ध शून्य.

टॉलिव्हर चिडला नाही. तोच बेत, म्हणाला, फक्त चार यार्डांच्या जागी साडेचार काढा. आणि झालं तसंच. टेनेसीच्या पोरी उन्हात नऊ-नऊ जणींनी धडका देऊन थकत चालल्या. ग्लेंडा आणि तिच्या चौघीजणी ढकलत राहिल्या, नेरेइदा कधी तीन यार्ड तर कधी पाच काढत राहिली. सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात तिनं पहिला टचडाउन केला. रोझाननं चेंडू उभा धरला, किक बसली. सात झाले. मग दुसरा. यावेळी किक खांबाला लागून परतली. तेरा विरुद्ध नऊ. चार संधींत दहा यार्ड पुढं गेलं नाही की चेंडू समोरच्यांचा होतो; मधे एकदा तसं होऊन आपल्यालाच लांब किक मारून चेंडू पलीकडे द्यायची वेळ आली. डेव्होनाच्या जागी आलेल्या मुलीनं पाय उचलायला उशीर केला आणि समोरच्यांनी ती किक हातानंच अडवली. नशीब, चेंडू कडेला गेला.

शेवटच्या तीन मिनिटांत टेनेसीची उंच मुलगी आपला संघ घेऊन निघाली. पास, पास, पास. एकही जमिनीवर पडेना. रोझान कडेला उभी राहून बघत होती. टचडाउनला दोन यार्ड उरले होते. त्यांची चौथी, शेवटची संधी. उंच मुलगी स्वतःच घुसली आणि आपल्या तिघींनी तिला रेघेच्या अलीकडे जमिनीला खिळवलं. चेंडू आपला. घड्याळात सत्तावीस सेकंद.

पण चेंडू आपल्याच रेघेपासून दोन यार्डांवर, पाठीला भिंत लागावी तसा. आणि टेनेसीकडे घड्याळ थांबवायच्या तिन्ही सवलती शिल्लक. नेरेइदा घुसली, पडली. घड्याळ थांबलं, एकवीस. पुन्हा. पंधरा. पुन्हा. नऊ. तीन वेळा मिळून एक यार्ड पुढं सरकलं होतं. आता आपलीच शेवटची संधी होती आणि रिवाज असा की लांब किक मारून चेंडू दूर घालवायचा.

सगळ्या टॉलिव्हरभोवती जमल्या. किक मारणारी मुलगी पांढरीफटक पडली होती. टॉलिव्हरची नजर सवयीनं बाकाच्या टोकाकडे, डेव्होनाकडे गेली. ती खाली बघत होती.

"कोच," रोझान म्हणाली, "किक नको. अडवली तर तिथंच टचडाउन, आणि संपलं सगळं. चेंडू मला द्या. मी मागं पळते."

आपल्या रेघेमागं दहा यार्डांचा पट्टा असतो. तिथं चेंडूसकट पाडलं किंवा मागच्या रेघेबाहेर पाय गेला, तर समोरच्यांना दोन गुण. दोन दिले तर तेरा विरुद्ध अकरा. तरी आपणच पुढं.

"नऊ सेकंद काढायचे आहेत," टॉलिव्हर म्हणाला. "तिथं नऊ सेकंद म्हणजे फार असतात. आणि चेंडू सुटला तर?"

"तर त्या झडप घालतील आणि जिंकतील."

टॉलिव्हरनं तिच्या हातांकडे बघितलं. मग ग्लेंडाकडे. ग्लेंडा म्हणाली, "धरेल ती." टॉलिव्हरनं सगळ्यांना एवढंच सांगितलं की एकीलाही पुढं सरकू देऊ नका, उभ्या राहा आणि मार खा.

रोझान पट्ट्यात अगदी मागं जाऊन उभी राहिली. मागची रेघ टाचेपासून एका यार्डावर. चेंडू आला. धरला. पोटाशी दोन्ही हातांनी आवळला आणि ती उजवीकडे पळाली, रेघेच्या कडेकडेनं. पळणं म्हणजे काय, त्रेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांना झेपेल तेवढं. समोर धडकांचे आवाज. दोन सेकंद. तीन. पहिली मुलगी भिंत फोडून आली. रोझान थबकली, वळली, ती मुलगी पुढून घसरत गेली. आता डावीकडे. पाच. कुणाचा तरी हात तिच्या शर्टाला लागला आणि कापड फाटल्याचं तिला ऐकू आलं. सहा. समोरून दोघी. एकीच्या वाटेत नेरेइदा आडवी पडली. दुसरीनं रोझानच्या हातांवर मूठ आपटली, मग परत, चेंडू पडावा म्हणून. काळी पडलेली नखं बधिर झाली. तिनं हनुवटी चेंडूवर टेकवली आणि अंग आवळून घेतलं. आठ. मग कुशीत एक जबरदस्त धडक बसली आणि ती त्या मुलीसकट मागच्या रेघेपलीकडे जाऊन पडली.

चेंडू अजून पोटाशीच होता. श्वास मात्र येत नव्हता.

पंचानं दोन्ही हात डोक्यावर जोडले. समोरच्यांना दोन गुण. घड्याळात शून्य होतं. पण टेनेसीचा प्रशिक्षक ओरडत होता की एक सेकंद उरला होता. तेवढा उरला असता तर आपल्याला किक मारून चेंडू त्यांच्या हाती द्यावा लागला असता, आणि ती उंच मुलगी तयारच होती. चार पंच एकत्र जमले. रोझान तशीच आडवी पडलेली. ग्लेंडा तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती, हात तिच्या पाठीवर. उठायची, हसायची, रडायची कुणाची छाती होईना. पंच काही केल्या वळेनात. किती वेळ गेला ते नंतर कुणालाच धड सांगता आलं नाही.

मग मुख्य पंच वळला आणि त्यानं रोझानजवळचा चेंडू उचलून काखेत मारला. सामना संपला होता.

रोझानच्या दोन बरगड्यांना तडा गेला होता. आंद्रे हुडाक उन्हात लाल होऊन कठड्यापाशी आले. "क्वार्टरबॅक नसतानाच जिंकलात म्हणायचं," ते म्हणाले आणि टोपी काढून डोळे पुसायला लागले. तिनं फक्त मान डोलावली. हसलं की दुखत होतं.

पुढच्या रविवारी चर्चच्या सभागृहात जेवण झालं. घरोघरी बिस्किटं भाजून बायकांनी, आमच्याकडे लग्नात मांडतात तसं, त्यांचं लांबलचक टेबल मांडलं होतं. नेरेइदा नाचत होती. डेव्होना कोपऱ्यात एकटी बसली होती. रोझान बशीत थोडी बिस्किटं घेऊन, बरगड्या सांभाळत, तिच्याजवळ जाऊन बसली.

दोघी नाचणाऱ्यांकडे बघत होत्या.

"एक सांगू?" डेव्होना म्हणाली. "शेवटी त्या दोन यार्डांवर आल्या होत्या ना, तेव्हा मला वाटलं, घुसू दे त्यांना. हरू दे आपल्याला. मी मनात देवाला तसं म्हटलंसुद्धा."

तिनं मान वर केली नाही. रोझाननं बशी दोघींच्या मधे ठेवली.

"माझ्याशिवाय तुम्ही जिंकलात," डेव्होना म्हणाली. "मग मी कोण?"

रोझानला चांगलं बोलता येत नसे, आणि हे तिला माहीत होतं.

"अगं, आठ सामने कुणी जिंकून दिले? मला नुसते नऊ सेकंद जमले. तेवढेच जमतात मला." मग ती म्हणाली, "आणि मी तुझ्या जागी असते ना, तर मलाही तसंच वाटलं असतं."

डेव्होनानं डोळे पुसले. उजव्या हातानं बशीतलं अक्रोडाचं एक बिस्किट उचललं, अर्धं खाल्लं आणि विचारलं, ग्लेंडा सांगत होती तो चेंडूला साबण लावायचा प्रकार नक्की काय होता. रोझान सांगायला लागली.