माहेरची चवळी

कुंडलची मनुबाई तोंडाची लय फटकळ. तिच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असं गल्लीत कुणी नव्हतं. परड्यात चवळीच्या आळ्याशी बसली, की मात्र तिचा आवाज मऊ व्हायचा. ती तांबडी चवळी तिच्या आईची. माहेर कोयनेच्या धरणाखाली गेलं, आईही गेली. मागं राहिलं ते राख चोळून गाडग्यात जपलेलं मूठभर बियाणं. दरसाल अक्षय्य तृतीयेला ती ते लावायची आणि पहिल्या शेंगा बियाण्यालाच ठेवायची.

चौऱ्याहत्तर सालीही तिनं बी टोकलं. आठवडा उलटला तरी कोंब दिसेना. गाडग्याच्या तळाशी दोन-चार दाणे उरले होते. त्यातला एक तिनं दाताखाली धरला, तर फुटाण्यासारखा कुरकुरला.

तेवढ्यात सून विजयमाला पाण्याची घागर घेऊन आली. साताऱ्यात वाढलेली, बिनआईची पोर. बियाणं आणि खायचं कडधान्य यातला फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता.

"आत्या, त्याला भुंगा लागलेला. म्या तव्यावर चांगलं परतलं आन् परत राख लावून ठेवलं. आता एक किडा न्हाई बघा."

मनुबाईच्या ओठांवर शिवी आली. पोरीचा चेहरा शाबासकीची वाट बघत होता.

"उगवंल न्हवं, आत्या?"

"उगवंल. पाणी घाल."

सून उन्हाळाभर त्या आळ्यात पाणी ओतत राहिली. मनुबाईची एकही शिवी त्या उन्हाळ्यात गल्लीला ऐकू आली नाही.