विट्याच्या गॅरेजातला अनवाणी पाय

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी वडूजला जनावरांचा डॉक्टर होतो. गावोगाव फिरायला दवाखान्याला एक जीप मिळालेली. ती आधी लष्करात होती, मग दुसऱ्या एका खात्यात, आणि त्यांनी टाकल्यावर आमच्या वाट्याला आली. चालवायला एक निवृत्त फौजी ड्रायव्हर होते. वयानं माझ्या वडलांच्या बरोबरीचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो.

एका दुपारी साताऱ्याहून लस घेऊन येत होतो. वर्धनगडाच्या घाटात उतार लागला. मामांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ तळाला गेलं.

"सायेब, घट्ट धरा," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी भराभर चार-पाच वेळा पेडल मारलं, गियर खाली टाकला आणि डोंगराच्या बाजूला पडलेल्या खडीच्या ढिगात गाडी घातली. बर्फात ठेवलेल्या लशीची पेटी माझ्या मांडीवरून उडून पायांत पडली. आम्ही उतरलो. मामांनी चाकाला दगड लावला आणि बिडी पेटवली.

खरं आश्चर्य पुढं होतं. दहा मिनिटांनी पेडल पुन्हा छान घट्ट लागलं, जणू काही घडलंच नव्हतं.

वडूजच्या मिस्त्रीनं चारही चाकं उघडली, ब्रेकचे लायनर बदलले. चार दिवस ब्रेक लागला, पाचव्या दिवशी पेडल पुन्हा खाली. मग साताऱ्याच्या गॅरेजात नेली. ब्रेकच्या नळीत हवा शिरलीय, म्हणून पेडल खाली जातंय, असं ते म्हणाले. त्यांनी हवा काढली. तीन दिवसांनी हवा परत हजर. असं दोन महिने चाललं. तेल मात्र कुठंच गळत नव्हतं. मामा रोज सकाळी पोत्यावर उताणे पडून चारही चाकांच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवत आणि कोरडं बोट मला दाखवत.

"त्याल भाईर येत न्हाई, मग हवा आत येतीय कुठनं?" ते विचारायचे.

विट्याला एक म्हातारा मुसलमान मिस्त्री आहे, जुन्या लष्करी गाड्या त्यालाच कळतात, असं मामांच्या कुणा सोबत्यानं सांगितलं. मायणीवरून विट्यापर्यंत आम्ही दुसऱ्या गियरमध्ये गेलो. बाया डोक्यावर भारे घेऊन चालल्या होत्या, त्यांच्यापेक्षा आमचा वेग फारसा जास्त नव्हता.

गॅरेज म्हणजे लिंबाच्या झाडाला टेकून उभं केलेलं पत्र्याचं छप्पर. मिस्त्री साठीचे, सडपातळ, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं. मग छपरामागच्या घराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "आवो, जरा बसना है."

घरातून त्यांची बायको आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हाताला भाकरीचं पीठ. तिनं हात धुतले, चपला काढून ठेवल्या, दोन्ही पाय धुऊन पदरानं कोरडे केले आणि जीपच्या ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. मी मामांकडं पाहिलं, मामांनी माझ्याकडं. मिस्त्री तोवर गाडीखाली गेले होते.

"दबा," खालून आवाज आला.

तिनं उजवा पाय पेडलवर ठेवला आणि हळूच दाबलं. डोळे मिटलेले.

"छोड."

तिनं पाय उचलला, पण पेडलपासून वेगळा केला नाही. पेडल वर येताना तळवा त्याच्याबरोबर वर आला. असं सात-आठ वेळा झालं. मग तिनं डोळे उघडले आणि आमच्याकडं बघून मराठीत म्हणाली, "दाबताना काय दुखणं न्हाई हिला. सोडताना दम घेती."

"म्हंजी?" मामांनी विचारलं.

"आवं, पाय उचलला की पेडल मागनं पायाला चिकटून याया पायजे. ही मधी थबकती, वाइच हवा वडती, मग येती. सगळी दाबून बघत्यात. सोडताना कोण बघतंय?"

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. बायकोचं म्हणणं खरं की खोटं, याची त्यांनी चर्चासुद्धा केली नाही. सरळ मास्टर सिलिंडर खोलायला घेतला. पेडल दाबलं की चारही चाकांकडं तेल ढकलतो तो हाच भाग. त्याच्या तोंडाशी नखाएवढी एक झडप असते, गॅरेजवाल्यांच्या भाषेत वॉल. तो त्यांनी काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याची रबराची कड झिजून वाकडी झाली होती.

"पाय सोडला तरी ह्यो वॉल नळीत थोडा दाब राखून ठेवतो," त्यांनी समजावलं. "त्यानं चाकातली रबरं फुगून भिंतीला चिकटून ऱ्हात्यात. ह्यो गेला की दाब गेला. रबरं सैल पडत्यात आन् पाय उचलला की भाईरची हवा आत घेत्यात. त्याल गळत न्हाई, हवा मातर शिरती."

दोन महिने, दोन गॅरेजं, आणि खडीचा तो ढीग. तिला तो दोष पंधरा मिनिटांत तळपायानं सापडला होता. मी पाच वर्षं शिकून डॉक्टर झालेला माणूस. तो वॉल हातात धरून नुसता उभा राहिलो.

तसा वॉल विट्यात मिळाला नाही. मामा एसटीनं सांगलीला गेले, तिथं एका दुकानात मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. मी रात्री ओळखीच्या शेतकऱ्याकडं राहिलो होतो. सकाळी गॅरेजात जाऊन बसलो तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. हे काम कसं शिकलात, मी विचारलं.

"शिकते कशाला? पेडलवर बसवायला ठेवलेली माणसं टिकत नव्हती. हे म्हणाले, एक दिस तू बस. बसले ती बसलेच. बावीस वर्सं झाली आता."

"गाडी चालवता येते?"

ती हसली. "हालत्या गाडीत मी यस्टीशिवाय कवा बसले न्हाई, डॉक्टर."

नवा वॉल आणि रबरं बसवून झाल्यावर हवा काढायचं काम सुरू झालं. सगळ्यात लांबचं चाक आधी. मिस्त्री चाकामागं बाटली आणि रबरी नळी लावून बसले. दबा, छोड, दबा, छोड. बाटलीत बुडबुडे येत, मग कमी होत, मग स्वच्छ तेल येई. चारही चाकं झाली. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "हो गया."

तिनं मान हलवली. "अभी एक है. आगे, बाएँ."

मिस्त्रींनी पुढच्या डाव्या चाकाला पुन्हा नळी लावली. मी बाटलीजवळ उकिडवा बसलो. एकदा दाबलं, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्या वेळी मोहरीएवढा एक बुडबुडा नळीतून घरंगळत आला आणि तेलात वर चढून फुटला.

वर पाहिलं, तर ती आधीच पाय खाली घेत होती. पेडल कसं सोडावं हे तिला कळलं होतं, तसं काम कधी संपलं हेही.

मामांनी टोपी सरळ केली. मग एकदम म्हणाले, "आक्का, तुमी बसा पुढं. तुमीच सांगा ब्रेक बरा लागतोय का."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "जाव ना." मी मागं बसलो, ती पुढं, मामांच्या शेजारी. खानापूरच्या रस्त्याला उतार आहे, तिथपर्यंत गेलो. तिनं एका हातानं पदर धरला होता, दुसऱ्यानं गाडीची कड. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी ती डोळे मिटत नव्हती. उतारावर मामांनी ब्रेक दाबला आणि जीप जागच्या जागी उभी राहिली. ना डावीकडं ओढली, ना उजवीकडं. मी वाकून पुढं पाहिलं. जिथं कुठलंच पेडल नव्हतं, तिथं तिचा अनवाणी पाय पत्र्यावर दाबून बसला होता.

"बरा लागतोय," ती म्हणाली. मग जरा लाजून, "आजून एकदा लावा की."

मामांनी परतीच्या वाटेवर ब्रेक सहा-सात वेळा लावला. गरज एकदाही नव्हती.

गॅरेजसमोर उसाचा एक ट्रक येऊन थांबला होता आणि मिस्त्री त्याच्याखाली गेलेही होते. ती जीपमधून उतरली, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, ट्रकच्या चाकावर पाय देऊन उंच केबिनमध्ये चढली. खालून आवाज आला, "दबा." आम्ही निघालो तेव्हा तिनं डोळे मिटले होते.