अर्जदार, बसा

आमच्या घरमालकीण अक्कांइतकं शुद्ध सरकारी मराठी खुद्द सरकारलाही बोलता येत नसावं. जळगावातल्या एका कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांची भाषा काही निवृत्त झाली नाही. वाण्याकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर 'विषय : तूरडाळ एक किलो मिळणेबाबत' असं लिहिलेलं असे. दूधवाला दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्या त्याला दारात उभं करून खुलासा मागत, आणि तोही बिचारा "म्हैस आटली" हे कारण सादर करी. फार चिडल्या म्हणजेच त्या खानदेशीवर येत. मग समोरच्याला सगळं एका दमात समजे.

अक्कांच्या ओसरीवर रोज सकाळी माणसं बसलेली असत. पाचोऱ्याकडची, पहूरची, कधी धुळ्याहून पहिल्या एस.टी.नं आलेली. सगळ्यांच्या घरात एखादं मूल असं असे की ते बोलत नाही, किंवा ऐकत नाही, किंवा गावाला त्याचं काय करावं ते कळत नाही. सरकारकडे अशा मुलांसाठी शाळा होत्या, सवलती होत्या, पण त्यांच्या आणि मुलांच्या मध्ये एक अर्ज होता. तो अक्का फुकट भरून देत. का, असं मी एकदा विचारलं. "नामंजुरीची पत्रं तीस वर्षं मीच टाइप केली," त्या म्हणाल्या. "आता बोटं उलटी फिरवतेय."

त्यांचा एक नियम होता. अर्ज ज्याच्या नावाचा, मान त्याचा. ओसरीवरच्या एकुलत्या एक हाताच्या खुर्चीवर मूलच बसे. आईबाप सतरंजीवर. पहिला चहा, तोही बशीत गार करून, मुलाला. "अर्जदार, बसा," अक्का म्हणत, आणि ज्याला आजवर 'ए' खेरीज कुणी दुसरी हाक मारली नव्हती असं ते चार वर्षांचं पोर खुर्चीखाली जाऊन बसे. अक्का वाकून तिथे चहा देत. "अर्जदारांना खाली सोयीचं वाटतं," एवढीच नोंद.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. इंग्रजी शाळेत शिकले होते आणि मराठीत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडे. इंग्रजीतही फारसा ओला होत नसे. अक्का मला 'कॉन्व्हेंट' म्हणत. "कॉन्व्हेंट, तू बोलत नाहीस ते उत्तम आहे. पोरं घाबरत नाहीत तुला." या एकमेव पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

काम होतं दिवसपत्राचं. अर्जदाराच्या घरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात बसायचं आणि तो काय करतो ते लिहायचं. पहिल्या दिवसपत्रात मी 'बिचारा', 'गोंडस' असं बरंच लिहिलं होतं. अक्कांनी लाल पेन्सिलीनं सगळं उडवलं. "विशेषणावर सही होत नाही," त्या म्हणाल्या. "काय केलं ते लिही. किती वेळा केलं ते लिही."

पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातली बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली, तेव्हा तिच्याजवळ मुंबईच्या डॉक्टरांचं इंग्रजी पत्र होतं. मी ते वाचलं. 'ऑटिझम' हा शब्द माझ्या शब्दकोशात नव्हता, आणि सरकारी फॉर्मवरही नव्हता. फॉर्मवर अंध, मूकबधिर, अपंग आणि मतिमंद असे चारच रकाने होते. धुळ्याच्या अनुदानित निवासी शाळेत एक जागा रिकामी होती, पण दाखला हवा. जागा गेली की ही बाई मजुरीला जाताना मुलाला पूर्वीसारखीच खाटेला बांधून जाणार होती. ते तिनं स्वतःच सांगितलं, खाली बघून.

दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात तपासणी मंडळ बसे. आणि इथे आमच्याकडच्या सगळ्या आया एकच चूक करत. मुलगी दाखवायला न्यावी तसं त्या मुलाला नेत. तेल, पावडर, इस्त्रीचा शर्ट, नमस्ते करायची तालीम. सात वर्षं चार लोकांत जे झाकलं ते डॉक्टरसमोर उघडं कसं करायचं? अक्का घसा फोडून सांगत, "बाई, स्थळ नाही आलंय!" बाईनं मान डोलावली, आणि तपासणीच्या दिवशी मुलगा पावडर लावून, भांग पाडून हजर.

डॉक्टरांनी नाव विचारलं. मुलगा खिडकीकडे बघून म्हणाला, "भुसावळ, भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी..." थेट चाळीसगावपर्यंत. आईचा चेहरा फुलला.

"हुशार आहे की!" डॉक्टर म्हणाले. "याला कसला दाखला?" पेन टोपणात गेलं.

अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. "कॉन्व्हेंट, वाच."

मी त्याच्या घरी बसून लिहिलेलं दिवसपत्र वाचलं. आवाज माझाच होता की नाही, सांगता येत नाही. "सकाळी सातपासून अकरापर्यंत दाराची कडी वाजवली. भाकरी तुटलेली होती म्हणून खाल्ली नाही. तहान लागली तेव्हा पाणी मागितलं नाही. माठावर डोकं आपटलं. तीन वेळा."

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. तिनं पदरानं मुलाच्या गालावरची पावडर पुसायला सुरुवात केली.

"साहेब, बठ्ठा टेसनसना नावं याले येतस," ती म्हणाली. "पन आजलोंग यानी माले माय म्हनं नही."

डॉक्टरांनी टोपण काढलं. सही 'मतिमंद' या रकान्यात झाली.

बाहेर आल्यावर बाई रडली, मग हसली. व्हरांड्यात अक्का गुडघ्यांवर हात टेकून मुलासमोर वाकल्या. "अर्जदार," त्या म्हणाल्या, "शब्द चुकीचा पडलाय. रकान्यांत दुसरा नव्हता. क्षमस्व." मुलगा त्यांच्या चष्म्याच्या दोरीशी खेळत होता. ती त्यांनी त्याला काढून दिली, आणि घरापर्यंत चष्मा हातात धरून चालल्या.

पहिल्या सुट्टीनंतर बाई केळ्यांची फणी घेऊन आली. शाळेचा माणूस मुलाला धुळ्याहून आगगाडीनं आणतो आणि ती पाचोऱ्याला फलाटावर उभी असते, असं सांगताना तिचा श्वास पुरत नव्हता. मुलाच्या यादीत एक भर पडली होती. गाळण, पाचोरा, माय, परधाडे.

"टेसन म्हनीसन म्हनस, अक्का," ती ओशाळून म्हणाली. आई म्हणून नव्हे, स्टेशन म्हणून.

"गाडी थांबस ना तठे?" अक्का म्हणाल्या. चिडलेल्या नसताना त्यांना खानदेशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "कॉन्व्हेंट, नोंद घे. विशेषण नको." आणि आत जाऊन त्या बराच वेळ बशा धूत राहिल्या. बशा धुतलेल्याच होत्या.

अक्कांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हाताची खुर्ची माझ्याकडे आहे. मी तिच्यावर बसत नाही. दिवसपत्रांची फाईलही आहे. तिच्यातली ती नोंद माझ्याच अक्षरात आहे : 'अर्जदारांनी पाचोऱ्यानंतर माय म्हटले. एक वेळा.' खाली लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण आहे. ती थोडी हललेली आहे.