मेथी उपटणारी मॅडम

दिल्लीत शेतीखात्याच्या ऑफिसात मी माहितीपत्रकं लिहायचे. गादीवाफ्यावर मुख्य पीक मधे, पालेभाजी कडेनं, त्याच पाण्यात दोन पिकं आणि नफा जास्त. हे इतक्या वेळा लिहिलं होतं की आपण स्वतःच शेतकरी आहोत असं वाटायला लागलं होतं. आर. के. पुरमच्या आमच्या बाल्कनीत तुळससुद्धा जगत नव्हती, पण तोरा बघा!

एकदा नजफगढच्या पुढच्या गावातली एक विधवा चौधराइन ऑफिसात आली. म्हणाली, "मैडम, काग़ज़ मत दो. खेत में आके दिखाओ." तिच्या जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, ते एकरभर शेत लग्नाच्या हॉलसाठी द्यायचं होतं. हा एक हिवाळा शेतावर घर चालवून दाखव, नाहीतर नाद सोड, असं त्यानं तिला बजावलं होतं. तिचा सगळा जीव त्या शेतात. मी म्हटलं, चलो, दर रविवारी येते.

आम्ही गादीवाफे घातले. मधे फ्लॉवरची रोपं, दोन्ही कडांना मेथी. फ्लॉवर हाताशी यायला तीन महिने, मेथी महिन्याभरात; तोवर तिची चूल मेथीवर चालणार होती. मेथी अशी तरारली की मी घरी येऊन नवऱ्याचं डोकं खाल्लं.

एका रविवारी मी पोचले तेव्हा ती मंडीत गेली होती. म्हटलं, आयती काढून ठेवू, खूश होईल. पदर खोचला आणि उपटायला बसले. आमच्याकडे मेथीची जुडी मुळांसकट. आई तशीच उपटायची. आदल्या दिवशी पाणी दिलेलं, त्यामुळे मुळांबरोबर मातीची ढेकळं वर येत होती, आणि त्या ढेकळांत फ्लॉवरची कोवळी मुळं. ते माझ्या लक्षातच आलं नाही. दोन वाफे साफ करून मी जुड्या ओळीनं मांडून ठेवल्या.

ती आली आणि बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मैडम, हम तो काटते हैं. फिर आती है." दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फुटणारी मेथी मी मुळासकट संपवली होती. पुढच्या रविवारपर्यंत त्या दोन वाफ्यांतला फ्लॉवरही माना टाकून वाळला. मला अक्षरशः तोंड लपवावंसं वाटलं.

बाकीच्या वाफ्यांनी मात्र हात दिला. मेथी तीनदा कापून झाली, फ्लॉवर भरला. थंडी सरता सरता जेठ बघायला आला. चांगलं सोडून त्याची नजर नेमकी त्या दोन ओसाड वाफ्यांवर. "ये क्या है? यही है सरकारी खेती?"

मी शेजारीच उभी. ऑफिसात साहेबांशी भांडणारी, बसमध्ये कंडक्टरला धारेवर धरणारी मी. तोंडातून शब्द फुटेना.

"मेरे हाथ से बिगड़ा," ती म्हणाली. "मैडम ने तो ठीक बताया था."

मग तो भरलेल्या फ्लॉवरच्या वाफ्यांतून एक फेरी मारून आला आणि निघून गेला. हिवाळाभर घर शेतावर चाललं होतं; हॉल झाला नाही. पुढच्या हिवाळ्यात तिनं पुन्हा वाफे घातले. मेथी तयार झाली त्या रविवारी तिनं हसत माझ्या हातात विळा दिला. जेठासमोर मी गप्प का राहिले, हे तिनं कधीच विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.